प्रवरेच्या काठाने सायकल : भंडारदऱ्यात गर्दी नसलेला रस्ता कुठला?

ठाणेकरीण

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच विचारतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी आणि नवरा, दोघंही पन्नाशीच्या जरा अलीकडचे, तीन वर्षं झाली सायकल चालवतोय. चालवतोय म्हणजे काय तर पहाटे येऊर, रविवारी घोडबंदर रोड, आणि वर्षातून एकदा ग्रुपबरोबर कुठेतरी शंभरेक किलोमीटर. मागच्या वेळी ग्रुपबरोबर हायवेने गेलो होतो आणि एक कंटेनर इतका जवळून गेला की माझं हँडल हललं, मी तिथेच कडेला उतरून पंधरा मिनिटं बसले आणि नवऱ्याने जाहीर केलं की आता हायवे बंद म्हणजे बंद. मला मान्य आहे.

तर डिसेंबरात तीन दिवस सुट्टी जमवतोय. नदीच्या कडेने, दरीतून, गावागावातून जाणारा डांबरी रस्ता हवा, गाड्या कमी. सगळे भंडारदरा सांगतात पण आम्ही तिथे एकदा कारने गेलो होतो जूनच्या सुरुवातीला काजवे बघायला, आणि काजव्यांपेक्षा गाड्यांचे दिवेच जास्त दिसले, म्हणून विश्वास बसत नाहीये. खरंच शांत आहे का तिथे? कुठल्या बाजूने जायचं? नवऱ्याच्या सायकलला २५ चे (म्हणजे २५ मिलीमीटर रुंदीचे, बारीक) टायर आहेत (माझी हायब्रिड आहे, जाड टायरची, मला चिंता नाही). मला चढाची भीती वाटत नाही, उताराची वाटते. आणि जेवणाचं काय, हॉटेलं आहेत का मधल्या गावांत?

घोटीकर

ताई स्वागत. तुम्ही जूनमध्ये गेलात तिथेच घोळ झाला. मेच्या शेवटापासून पाऊस लागेपर्यंत काजव्यांसाठी अख्खी मुंबई, पुणे आणि आमचं नाशिक रात्री त्या एका अरुंद रस्त्यावर असतं, तो रस्त्याचा दोष नाही. तेच ऑगस्टमध्ये धरण भरलं की. डिसेंबरात मंगळवारी-बुधवारी या, तुम्हाला वाटेल चुकून दुसरीकडेच आलो.

आता कसं यायचं. कसाऱ्यापर्यंत ट्रेनने किंवा गाडीने, पण कसारा घाट सायकलने चढू नका, तुमच्या त्या कंटेनरचे सगळे भाऊबंद तिथेच भेटतात. सायकली टेम्पोत टाका आणि थेट घोटीला उतरा. घोटीतून कोल्हार-घोटी राज्यमार्ग पकडायचा, पिंपळगाव मोर, मग वासाळी आणि मग घाट चढून बारी. बारी म्हणजे खिंडच, खिंडीवरूनच गावाचं नाव. इथे नाशिक जिल्हा संपतो आणि नगर (आता अहिल्यानगर म्हणायचं) सुरू होतो. डाव्या-उजव्या कुठल्याही टपरीवर थांबा, समोर कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक. बारीत शनिवारी रात्री ट्रेकर लोकांच्या बस लागतात, बाकी दिवस कोंबड्या रस्ता ओलांडतात. तिथून वारंघुशी फाटा आणि पुढे शेंडी. घोटी ते शेंडी पस्तीसेक किलोमीटर, रमतगमत तीन तास धरा.

शेंडीला मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी सामान तिथेच ठेवून धरणाला फेरी मारा. शेंडी, मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत, परत शेंडी. चाळीस-पन्नासच्या मध्ये कुठेतरी भरतं, कोण कुठे आत वळतो त्यावर. तिसऱ्या दिवशी रंधा धबधबा बघून राजूरवरून अकोल्याला (नगरचं अकोले, विदर्भातलं अकोला नव्हे) उतरा. तीन दिवस बरोब्बर बसतात.

रविवारचा_रायडर

शांत वगैरे काही राहिलेलं नाही हो. मी गेल्या हिवाळ्यात शनिवारी गेलो होतो, रतनवाडीच्या अलीकडे एसयूव्हीची रांग, प्रत्येक वळणावर कोणीतरी दार उघडून गाणी लावून उभं, धरणाच्या काठाला तंबूवाले. टेंट, बार्बेक्यू, स्पीकर. मी उलट फिरलो. भंडारदरा आता लोणावळा झालंय, लोकांना उगाच आशा लावू नका.

घोटीकर

शनिवारी गेलात ना. मी वर मंगळवार-बुधवार लिहिलंय, परत वाचा.

चौतीस_दाते

मी दोघांच्या मध्ये पडतो. मी हा रिंग, म्हणजे धरणाची फेरी, पाच वेळा केलाय, दोन्ही दिशांनी, एकदा पावसातसुद्धा (परत करणार नाही). रायडरसाहेब म्हणतात ते शनिवार-रविवारपुरतं खरंच आहे. पण गर्दी सगळीकडे सारखी पसरलेली नसते, ती दोन ठिकाणी अडकते. एक म्हणजे शेंडी ते रतनवाडी, कारण अमृतेश्वराचं देऊळ आणि रतनगडाची वाट. दुसरी घाटघरचा कोकणकडा. या दोन टोकांना जोडणारा रतनवाडी-साम्रद-घाटघर हा तुकडा कारवाले टाळतात कारण रस्ता खराब आणि जेवायला काही नाही. सांदण दरीला जाणारे तेवढे साम्रदपर्यंत येतात आणि तेही पहाटेच. म्हणजे आपल्याला हवं ते नेमकं मागच्या बाजूला आहे.

म्हणून सांगतो, उजाडता उजाडता शेंडी सोडा आणि आधी रतनवाडीकडे निघा, पाणी उजव्या हाताला ठेवून. नऊच्या आत रतनवाडीला पोचलात तर देवळात तुम्ही, पुजारी आणि एखादं कुत्रं. ते देऊळ घाईत बघू नका, शिलाहारांच्या काळचं मानतात, बाहेरच्या भिंतीवरचं कोरीवकाम ऊन तिरकं असताना उठून दिसतं आणि बाजूची पुष्करणी बरेच जण न बघताच जातात. प्रवरेचा उगम इथलाच, रतनगडाचा. मागे डोंगरात जी बारीक धार दिसते तीच पुढे तुमच्याबरोबर अकोल्यापर्यंत येणार आहे आणि तिथून संगमनेर, नेवासा करत प्रवरासंगमला गोदावरीत जाते.

आता तुमच्या मिस्टरांचे २५ चे टायर. रतनवाडीच्या पुढे खडी उखडलेली असते, प्रत्येक पावसाळ्यात तो रस्ता वाहून जातो आणि प्रत्येक हिवाळ्यात थोडा थोडा परत बनतो, त्यामुळे तुम्ही जाल तेव्हा कुठल्या अवस्थेत असेल ते शेंडीतच विचारा. फ्रेममध्ये बसत असतील तर २८ टाकून या आणि हवा थोडी कमी ठेवा. बसत नसतील तर दोन ट्यूब जास्त घ्या आणि खराब तुकडा सरळ चालत जा, त्यात कमीपणा नाही, मीही चाललोय. मागचा कॅसेट (मागच्या चाकाचे गिअर) २८ दातांचा असेल तर ३२ किंवा ३४ करून घ्या असं माझं कायमचं रडगाणं आहे, नावावरून कळलंच असेल.

उताराबद्दल. रिंगवर लांबलचक उतार नाहीत, छोटे छोटे चढउतार आहेत. खरा उतार तिसऱ्या दिवशी राजूरच्या पुढे विठ्याच्या घाटात. तिथे ट्रॅफिक असतं कारण तो सरळ मोठा रस्ता आहे. ब्रेक सतत दाबून ठेवू नका, दाबा-सोडा दाबा-सोडा, ड्रॉप हँडल असेल तर हात खालच्या वाकलेल्या भागावर, वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात नाही. आणि मनाला पटलं नाही तर कडेला थांबून हात झटका, कोणी बक्षीस देत नाही खाली लवकर पोचल्याबद्दल.

अगस्तीपूर

मी अकोल्याचाच, म्हणून थोडं घरचं सांगतो.

पहिलं, लोक भंडारदरा भंडारदरा करतात पण धरणाचं नाव विल्सन डॅम आणि पाण्याचं नाव आर्थर लेक, गाव शेंडी. म्हणजे एस्टीच्या पाटीवर शेंडी शोधायचं. धरण १९२६ चं, दगडी, अजून ठणठणीत. सगळ्या उत्तर नगरची शेती या ११ टीएमसीवर (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट पाणी). खाली निळवंडे धरण आहे, ८ टीएमसीच्या वर, ते आत्ता आत्ताचं. त्यामुळे शेंडीपासून अकोल्याकडे जाताना नदी तुम्हाला कधी दरीत दिसेल, कधी धरणाचं पाणी बनून पसरलेली दिसेल, आणि दरीचा बराच भाग निळवंड्याच्या पाण्याखाली गेलाय हेही लक्षात ठेवा. माझे आजोबा त्या खालच्या रस्त्याने बैलगाडी घेऊन राजूरच्या बाजाराला जायचे, तो रस्ता आता माशांचा.

रंधा धबधबा शेंडीपासून दहाएक किलोमीटर. १७० फूट सांगतात. पावसाळ्यात नुसता धूर असतो, काही दिसत नाही. डिसेंबरात पाणी किती असेल ते धरणातून काय सोडलंय त्यावर, पण मला विचाराल तर पाणी कमी असतानाच तिथे जावं, कारण तेव्हा कळतं नदीने काळा दगड कसा उभा कापत नेलाय. घोरपडा देवीचं देऊळ आहे, सावली आहे, चहा मिळतो. कठड्याच्या पलीकडे जाऊ नका, दरवर्षी कोणीतरी जातंच आणि मग आमच्या पोरांना दोर घेऊन उतरावं लागतं.

जेवणाचं. हॉटेल शेंडीत आणि राजूरला. मधल्या गावांत हॉटेल शोधत बसाल तर उपाशी राहाल, तिथे घरी जेवायचं असतं. रतनवाडी, साम्रद, घाटघर तिन्हीकडे घरगुती जेवण देणारी घरं आहेत पण आदल्या दिवशी निरोप द्यावा लागतो, दोन माणसांसाठी आयत्या वेळी चूल पेटवायला लावणं बरं दिसत नाही. शेंडीत जिथे राहाल तिथल्याच माणसाला सांगा, तो फोन करून ठेवतो. नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, आणि भात मागून घ्या. काळभात म्हणून आमचं जुनं वाण आहे, नवीन भात असतो डिसेंबरात, वासानेच कळतं. घासाघीस करू नका प्लीज, शहरातून आलेली माणसं तीन हजाराचा पंप घेऊन येतात आणि वीस रुपयांवरून बोलतात.

अजून एक. नोव्हेंबर-डिसेंबरात खळ्यांचे दिवस. रस्त्याच्या अर्ध्या भागात भात नाहीतर नाचणी वाळत घातलेली असेल, दगड मांडून ठेवलेले असतील. त्यावरून सायकल घालू नका. गाड्या जातात ते वेगळं, पण तुम्ही पाहुणे.

आणि ज्यांना रिंगसुद्धा नको असेल त्यांनी राजूरवरून मुळेच्या खोऱ्यात जा. राजूर, शिरपुंजे, अंबित, कुमशेत. मुळा नदी तिकडची. पाचनईच्या फाट्याला वळू नका, तिकडे हरिश्चंद्रगडवाले असतात. कुमशेतला रस्ता जवळजवळ संपतो, पुढे सह्याद्रीच संपतो. आजोबाचा डोंगर समोर. तिथे मी एका सकाळी तीन तासांत एक दूधवाला, एक एसटी आणि एक शाळेचे मास्तर एवढेच मोजलेत. पण चढ आहेत, आणि मोबाईलला रेंज नाही, म्हणून पहिल्यांदा येणाऱ्याला आग्रह करणार नाही.

शिरूर_एक्सप्रेस

विषय भंडारदऱ्याचा आहे पण ताईंनी नदी आणि दरी म्हटलंय म्हणून आमच्या कुकडीचं नाव सुचवतो, पुढच्या वेळेसाठी. निघोजचे रांजणखळगे. ही खरीखुरी दरी आहे, छोटी पण खोल, कुकडीने खडकात गरगर फिरून फिरून रांजण कोरलेत, एकेकात माणूस उभा मावेल असे. नदीच्या या काठाला टाकळी हाजी, पुणे जिल्हा, त्या काठाला निघोज, पारनेर तालुका, दोन्हीकडे मळगंगेचं देऊळ, मधे झुलता पूल.

पुणे-नगर रोडने सायकल चालवत येऊ नका, तो रस्ता माझ्या शत्रूलाही नको. शिरूरला गाडी लावा आणि तिथून टाकळी हाजीमार्गे जा, पंचवीसेक किलोमीटर, सगळा ऊस, कांदा आणि डाळिंब. सपाट आहे त्यामुळे २५ चे टायर चालतील, बाभळीचे काटे मात्र चालणार नाहीत, ट्यूबमध्ये स्लाइम (पंक्चर बुजवणारा द्रव) भरून घ्या.

एकच गोष्ट गंभीरपणे. आमच्या जुन्नर-आंबेगाव-शिरूर पट्ट्यात बिबट्या उसातच राहतो, डोंगरात नाही. माणसांवर हल्ले झालेत, गेल्या काही काळात जास्तच. पहाटे अंधारात निघायची सायकलवाल्यांची सवय इथे सोडायची. पूर्ण उजाडल्यावर निघा, सूर्य मावळायच्या आत शिरूरला. उसाच्या कडेला पंक्चर काढत खाली वाकून बसू नका, मोकळ्या रानापर्यंत ढकलत न्या. घाबरवायला सांगत नाहीये, आम्ही गावातले लोकच असं वागतो.

रविवारचा_रायडर

बिबट्या असलेला रस्ता शांतच असणार 😀

बरं, एक कबूल करतो, मला रतनवाडीच्या पुढचा रस्ता माहीतच नव्हता, मी गर्दी बघून तिथूनच परत आलो होतो. कुत्र्यांचं कोणी बोललं नाही, ताईंना कामाला येईल म्हणून सांगतो. वाडीच्या तोंडाशी कुत्री अंगावर येतात. पळवू नका सायकल. उतरा, सायकल मधे धरा, आणि घरातल्या माणसाला हाक मारा, "ओ मावशी, कुत्रं धरा जरा". नव्वद टक्के वेळा मावशी बाहेर येतात आणि वर चहा विचारतात.

ठाणेकरीण

एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे खूप आभार. मंगळवार ते गुरुवार ठरवतोय. अगस्तीपूर दादा, एक राहिलं, वनखात्याचं तिकीट वगैरे लागतं का? आणि राजूरला मुक्काम करावा की सरळ अकोलं गाठावं?

अगस्तीपूर

हो, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे ना, शेंडीच्या नाक्यावर पावती फाडतात, किरकोळ असते. जपून ठेवा, दुसऱ्या टोकाला विचारतात. काठाला तंबू-चूल करणार नसाल तर बाकी काही अडचण नाही.

राजूरला मुक्काम नको, पण थांबा नक्की. पेढे घ्या. राजूरचा पेढा खाल्ल्याशिवाय पुढे जाल तर आम्ही ओळख दाखवणार नाही. अकोल्यात वेळ उरला तर प्रवरेच्या काठाला अगस्ती ऋषींचा आश्रम आहे, संध्याकाळी बरं वाटतं. आणि बियाण्याबिण्यात रस असेल तर बीजमाता राहीबाई पोपेरे, २०२० च्या पद्मश्री, त्यांचं कोंभाळणे गाव आमच्याच तालुक्यात. अकोल्यापुढे संगमनेरला सायकलने जाऊ नका, ऊसवाहतूक सुरू असते, ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या. तिथून सायकली टेम्पोत.

ठाणेकरीण

जाऊन आलो! उशिरा लिहितेय, सॉरी.

थोडक्यात सांगते म्हणत होते पण जमणार नाही. बारीच्या घाटात मी नवऱ्याच्या पुढे होते, हे आधी नोंदवून ठेवते. त्याने २८ चे टायर टाकले होते, चौतीस दाते यांचा विजय असो, तरी रतनवाडीच्या पुढे दोनदा उतरून चाललो. दोन ठिकाणी नवीन खडी पसरलेली होती आणि रोलर फिरायचा होता. रतनवाडीला साडेआठला पोचलो. देवळात पुजारी होते, कुत्रं होतं, बरोब्बर सांगितल्याप्रमाणे. रतनवाडी ते साम्रद आम्हाला गाड्या दोन, मोटरसायकली सहा-सात आणि डोक्यावर भारेच्या भारे घेतलेल्या बायका खूप. त्यातल्या एकीने मला विचारलं, कुठून आलात, म्हटलं ठाण्याहून, म्हणाली सायकलवर? आणि मग मागे वळून बाकीच्यांना ओरडून सांगितलं आणि सगळ्या इतक्या हसल्या की मलाही हसू आवरेना.

साम्रदला जेवलो, आदल्या दिवशी निरोप दिला होता. काळभात, पिठलं, लसणाची चटणी. नवऱ्याने तीनदा भात घेतला आणि मग घाटघरपर्यंत एक शब्द बोलला नाही. घाटघरला कड्यावर वारा इतका होता की सायकली आडव्या ठेवाव्या लागल्या. खाली कोकण धुक्यात, काहीच दिसत नव्हतं, तरी अर्धा तास बसलो.

कुत्र्यांचा उपाय दोनदा वापरला. पहिल्यांदा मावशी आल्या, दुसऱ्यांदा एक चौथी-पाचवीतला मुलगा आला आणि कुत्र्यालाच रागावला.

विठ्याच्या घाटात मी तीनदा थांबून हात झटकले. मागून ट्रक येत होते, पण थांबायला जागा मिळत गेली. रंध्याला पाणी बेताचंच होतं आणि अगस्तीपूर दादा म्हणाले ते पटलं, तो कापलेला दगड पावसाळ्यात दिसलाच नसता.

राजूरचे पेढे अर्धा किलो घेतले होते, ठाण्याला पोचेपर्यंत चार उरले. आता शिरूर एक्सप्रेस, तुमच्या निघोजला जानेवारीत यायचं म्हणतोय, उजाडल्यावरच निघू. तिथे जेवायचं कुठे ते तेवढं सांगा.

शिरूर_एक्सप्रेस

या या. जेवण निघोजला मिळेल, पण मासवडी हवी असेल तर आदल्या दिवशी सांगावं लागेल. व्यक्तिगत निरोप करतो.